रथातील रिकामी जागा

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ८:२६–४०



गेल्या जानेवारी महिन्यातील एका रविवारी प्रवरासंगमाजवळच्या एका लहान मंडळीत उपासना चालविण्याकरिता आम्हांस जावयाचे होते. अहिल्यानगराहून, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगराहून, तेथवर सुमारे सत्तर किलोमीटर अंतर आहे. सकाळी मोटारीने निघावे, दुपारपर्यंत उपासना आटोपावी, परतताना श्रीरामपूर व राहुरी ही गावे पाहून दिवेलागणीस घरी यावे, असा आमचा बेत होता. गाडीत आम्ही तिघेजण होतो. मागील आसनावर जी जागा उरली, तीवर पुस्तकांची पिशवी व जेवणाचा डबा ठेविला होता.

सकाळ फार रम्य होती. जेऊर मागे पडले, इमामपूरचा घाट ओलांडला, घोडेगाव व वडाळा ही गावे आली आणि गेली. कोठे हुरड्यास आलेली ज्वारी वाऱ्यावर डुलत होती, कोठे बाया वाकून कांद्याची रोपे लावीत होत्या, कोठे उसाने लादलेल्या बैलगाड्या एकामागून एक कारखान्याच्या वाटेस लागल्या होत्या. इ. स. १८३१ साली नगरास अमेरिकन मिशनचे काम सुरू झाले. त्या काळचे उपदेशक याच मुलखातून पायी व बैलगाडीने फिरत. आज आम्ही जेवढी वाट दीड तासात तोडितो, तिला त्यांस दोन-तीन मुक्काम लागत. याबद्दल आम्ही देवाचे आभार मानिले. परंतु त्या मुक्कामांत त्यांची किती माणसांशी गाठ पडत असे, हा विचार तेव्हा आमच्या मनास शिवला नाही. ज्या नेवाशात इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, त्या गावाची पाटीदेखील फाट्यावर वाचून होण्यापूर्वीच मागे गेली.

फाट्याच्या थोडे पुढे एक वृद्ध गृहस्थ रस्त्याच्या कडेने काठी टेकीत चालले होते. मोटारीचा आवाज ऐकून त्यांनी वळून हात वर केला. आम्ही घड्याळ पाहिले. उशीर झाला होता. गाडी थांबली नाही.

उपासना झाली, आशीर्वाद देण्याकरिता आम्ही हात वर केला, तोच तेच बाबा दारात येऊन उभे राहिले. पायांवर धूळ, कपाळावर घाम. फाट्यापर्यंत ते एस.टी.ने आले होते. पुढची गाडी आली नाही, म्हणून पायी निघाले होते. उपासनेनंतर आम्ही त्यांच्याजवळ गेलो. मान वर करण्याचे धैर्य होईना. तेच प्रथम म्हणाले, “सलाम, पाळकसाहेब. वाटंत तुमची गाडी दिसली व्हती. भरली असंल, असं वाटलं.”

ती भरली नव्हती. ती जागा आमच्या डब्याने अडविली होती. आम्ही तसे त्यांस सांगितले व क्षमा मागितली. ते म्हणाले, “असूं द्या. प्रभूनं आणलं न्हवं का शेवटाला?”

बंधूंनो, आता वरील शास्त्रपाठाकडे पाहा. कूशी देशाच्या राणीचा खजिनदार यरुशलेमेस उपासना करून रथात बसून परतत होता. मोठा अधिकारी, दूरचा प्रवास. वाटेत त्यास भेटला तो फिलिप्प, पंक्तीच्या सेवेकरिता निवडलेल्या सात जणांपैकी एक, आणि तोही पायी. त्या अधिकाऱ्याने तीन गोष्टी केल्या. यशया संदेष्ट्याचा ग्रंथ आपणांस उमगत नाही, हे त्याने लाज न धरिता कबूल केले. त्या पायी चालणाऱ्यास त्याने विनवून आपल्या शेजारी बसविले. आणि पाणी दिसताच त्याने रथ थांबविला. जागा दिली फिलिप्पास, पण लाभ कोणाचा झाला? ज्याने जागा दिली, तोच तारणाचा आनंद घेऊन पुढे गेला. त्याने रथ तसाच दौडविला असता, तर तो लवकर घरी पोहोचला असता आणि न उमगलेला ग्रंथ हाती घेऊनच पोहोचला असता.

परतताना आम्ही श्रीरामपूर व राहुरीचा बेत सोडिला आणि बाबांस गाडीत घेऊन आल्या वाटेनेच निघालो. त्यांची वस्ती घोडेगावाच्या अलीकडे, रस्ता सोडून आत आहे. वाटभर ते बोलत होते. त्यांचे आजोबा उपदेशकाचे बिछाने डोक्यावर घेऊन गावोगाव जात. कोणत्या वस्तीवर आपल्या मंडळीचे कोणते घर एकटे पडले आहे, हे त्यांस ठाऊक होते. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही दोन ठिकाणी थांबलो. एका घरी अंथरुणास खिळलेला तरुण होता. दुसऱ्या घरी एक विधवा बाई होती, जिच्या दारी वर्षभरात मंडळीतले कोणी गेले नव्हते. तिने चहा ठेविला आणि प्रार्थनेच्या वेळी ती फार रडली. सकाळी हीच दोन्ही घरे आम्ही वेगाने मागे टाकिली होती आणि शेतांची शोभा पाहून देवाची स्तुती करीत होतो.

प्रिय वाचकहो, आता आपल्या खेड्यांतही मोटारसायकली व जीपगाड्या आल्या आहेत. हे देवाचे दान आहे. ते टाकून द्या, असे आमचे म्हणणे नाही. परंतु सुवार्तिक बंधूंनो, उपासनेस निघताना अर्धा तास आधी निघा, म्हणजे वाटेत थांबण्यास सवड राहील. सामान पायांशी ठेवा आणि जागा माणसाकरिता मोकळी राखा. आणि जे पायी चालतात, त्यांनी स्वतःस हलके लेखू नये. फिलिप्प पायीच होता; रथात बसलेल्यास ज्याची उणीव होती, ते त्याच्यापाशी होते.

प्रभु येशू स्वतः गालीलातून पायी फिरला. अम्माऊसच्या वाटेवर तो दोघा शिष्यांबरोबर चालला, पण त्यांनी त्यास ओळखिले नाही. आमच्या वाटेवर तो कोणाच्या रूपाने हात वर करील, हे आम्हांस आधी कळत नाही.

हे प्रभो, आमच्या घाईची आम्हांस क्षमा कर. आमच्या वाहनात आणि आमच्या अंतःकरणात तुझ्या लहानांकरिता जागा राख, आणि तू थांब म्हणशील तेथे आम्हांस थांबीव. आमेन.