तार

उत्तर मोंटानातल्या गवताळ पठारावर बर्फ साचू लागला, की प्रॉन्गहॉर्नचे कळप दक्षिणेची वाट धरतात. हा प्राणी दिसायला हरीण, पण हरीण नव्हे. नात्याने जिराफाला जवळचा. धावतो ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटर! एवढं कुणासाठी? हजारो वर्षांपूर्वी या मुलखात चित्त्यासारखं एक जनावर होतं, त्याच्या भीतीने, असं मानतात. ते जनावर कधीच संपलं. पळणं राहिलं.

असाच एक कळप डिसेंबरात काटेरी कुंपणापाशी अडला. उन्हाळ्यात सगळे खालच्या तारेखालून अंग चोरून जात. आता ती तार बर्फात गडप झालेली. शेजारून एक म्यूल डिअर आला आणि टुणकन उडी मारून पलीकडे गेला. सगळ्यांनी पाहिलं, उडी कोणीच मारली नाही. उघड्या माळावर पिढ्या गेल्या. उडी मारण्याजोगं आडवं काही आलंच नव्हतं.

"ही तार कुठेतरी संपतच असेल," शिंगांवरची टोपणं नुकतीच गळलेला एक तरुण नर म्हणाला. वारा पाठीशी घेऊन तो सुसाट सुटला. अर्धा कळप त्याच्यामागे. बऱ्याच वेळाने सगळे धापा टाकत परतले. तार संपली नव्हती. वसंतापर्यंत पुरवायची अंगातली चरबी मात्र उगाच जळाली. लांब एक कोयोट बसून होता. त्याला घाई नव्हती.

"आजी, तू तर जागची हललीही नाहीस!"

"मी त्या चढाकडे बघत होते."

"तिथे काय? वारा नुसता सोलून काढतोय."

"आपल्याला सोलतो, तसा बर्फालाही सोलत असेल की रे."

वाऱ्याकडे तोंड करून म्हातारी पावलापावलाने चढली. माथ्यावर बर्फ उडून गेला होता, सेजब्रशची झुडपं उघडी पडली होती. कुण्या शहाण्या पशुपालकाने तिथली खालची तार बिनकाट्याची, जमिनीपासून हातभर उंच ठेवली होती. म्हातारीने पुढचे गुडघे टेकले, मान खाली घातली आणि सरकली. पाठीचे चार पोकळ केस तारेला राहिले. मग एकेक करत सगळा कळप.

तरुण शेवटी आला. पलीकडे पाय टेकताच तो सवयीने उधळला, थेट उतारापर्यंत.

"कोण लागलंय रे मागे?" झुडूप खुडता खुडता म्हातारीने विचारलं.

तो थांबला. वळून पाहिलं. बर्फावर त्याच्याच खुरांचे ठसे होते.