सैतानाची चाकरी आणि पोटावरचे चटके

याना तोबोसो यांच्या मांगावर बेतलेली 'ब्लॅक बटलर' ही जपानी ॲनिमे मालिका २००८ साली आली. व्हिक्टोरियन इंग्लंडमधला एक पोरका सरदारपुत्र सैतानाशी करार करतो: सूड पुरा होईस्तोवर त्याने बटलर म्हणून राबायचे आणि मग मुलाचा आत्मा खायचा. प्रेक्षकांनी या सैतानाला डोक्यावर घेतले, त्याच्या चहा ओतण्याच्या ऐटीसकट. अशा गोष्टींत रमणारा माणूस मनाने भुताखेतांकडे झुकतो का, ही शंका आपल्याकडेही जुनी आहे. भयकथाकार नारायण धारपांच्या पुस्तकांबद्दल ती घेतली गेली, 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेबद्दलही. मेळघाटातल्या धारणीसारख्या तालुक्याचा विषय निघाला की तिला धार चढते. तिथे तान्ह्या बाळाचे पोट फुगले की विळा तापवून पोटावर चटके देतात. त्याला डंबा म्हणतात. जिथे हे घडते तिथे भुताच्या गोष्टी म्हणजे आगीत तेल, असे म्हणणे सोपे जाते.

पण गोष्टीतली भीती आणि श्रद्धेतली भीती वेगवेगळ्या रीतीने वागतात. नाट्यशास्त्राचा भाष्यकार अभिनवगुप्त याने भयानक रस समजावताना 'शाकुंतला'तले बाणाला भिऊन पळणारे हरीण घेतले. प्रेक्षकाला ते भय जाणवते, पण ते ना त्याचे असते, ना हरणाचे, ना कुठल्या ठरावीक जागेचे वा वेळेचे. म्हणून तो जागचा उठत नाही आणि बाण रोखलेल्या दुष्यंताचा हात धरायलाही धावत नाही. डंब्यामागची भीती मात्र नाव-गाव असलेली आहे: हे बाळ, ही रात्र, दवाखाना लांब. ती कृती केल्याशिवाय शमत नाही. आणि गंमत अशी, की त्या कृतीत भूत असेलच असेही नाही. बहुतेक वेळा तो पोटफुगीवरचा उपायच समजला जातो. आजी-पणजीने दिला म्हणून नातवाला द्यायचा. तो कुठल्या भयकथेने शिकवलेला नाही आणि भयकथा बंद करून थांबणारही नाही. रात्री दार ठोठावले तर उघडणारा डॉक्टर जवळ असेल, तर थांबेल. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याची अनुसूचीही गोष्ट आणि कृती यांतले हेच तारतम्य राखते. भूत उतरवण्याच्या बहाण्याने मारणे, मिरचीची धुरी देणे, तापलेल्या वस्तूने चटके देणे हे तिथे गुन्हे आहेत. भुताची गोष्ट सांगणे नाही.

यावर खरा आक्षेप असा, की अभिनवगुप्ताचा प्रेक्षक रसिक, सहृदय होता. ज्याच्या घरात भूत ही रोजची शक्यता आहे, त्याला पडद्यावरचे भूत साक्षीपुरावा वाटणारच. हा धोका मी अर्धाच मानतो. 'सत्य घटना' अशी पाटी लावून मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ तो नक्की वाढवतात, कारण ते गोष्टीची चौकटच काढून घेतात. पण चौकट ओळखायला शाळा लागते, हे गृहीतक तपासून पाहावे. मेळघाटातले कोरकू लोक मृताच्या नावाने लाकडी मुंडा कोरून उभारतात. त्यावर घोडेस्वार असतो, सूर्य-चंद्र असतात. ज्याने आयुष्यात घोडा पाळला नाही, त्यालाही लाकडात घोडा मिळतो आणि त्यावरून घरात कुणी तबेल्याची चौकशी करीत नाही. रूपकासोबत इतक्या सहज राहणाऱ्या माणसांना जपानी सैतान तेवढा खरा वाटेल, असे म्हणणाऱ्याने आधी तसा एक तरी प्रेक्षक दाखवावा.