एकशे बासष्ट किलोमीटर

उत्तर-दक्षिण वाहतूक मार्ग नकाशावर मोठा देखणा दिसतो. मुंबईहून जहाजाने इराणच्या बंदर अब्बासला, तिथून रेल्वेने उत्तरेकडे, कास्पियन समुद्राच्या कडेने अझरबैजान आणि पुढे रशिया. लांबी सुमारे ७,२०० किलोमीटर. सुएझमार्गे याच्या दुपटीहून अधिक. भारत, रशिया आणि इराण यांनी २००० साली करार केला. मग व्यापारी अजून लांबच्या वाटेनेच का जातात?

इराणमधलं रश्त पाहा. २०१९ मध्ये रेल्वे तिथवर पोचली. पुढे सरहद्दीवरच्या आस्तारापर्यंतचे सुमारे १६२ किलोमीटर रूळच नव्हते; त्यासाठी पैसे द्यायला रशिया २०२३ मध्ये तयार झाला. ते रूळ पडेपर्यंत कंटेनर रश्तला वाघिणीतून उतरवायचा, ट्रेलरवर चढवायचा, आस्ताराला पुन्हा वाघिणीत. रूळ जोडले तरी इराणचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) १,४३५ मिलिमीटर, पलीकडे १,५२०. फरक जेमतेम चार बोटांचा, पण गाडी अडते.

माझ्या मते अंतर स्वस्तच असतं, महाग पडते ती हातबदली. दर ठिकाणी क्रेन, सील तपासणं, नवे कागद आणि माल खराब झाला तर जबाबदार कोण, हा वाद. सुएझमार्गे एकाच बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे एकाच जहाजी पावतीवर, काम भागतं. व्यापारी काही खुळे नाहीत.

वाट तशी जुनीच. पंधराव्या शतकात त्वेरचा व्यापारी अफनासी निकितिन व्होल्गा, कास्पियन, इराण, होर्मुझ असं करत घोडा घेऊन आपल्या चौलला उतरला. वाटेत अस्त्राखानजवळ लुटला गेला. जुन्नरला तिथल्या खानाने घोडाच जप्त केला, रदबदलीनंतर परत मिळाला. जकातीबद्दलही त्याची तक्रार आहेच. अंतराने नव्हे, मधल्या सत्तांनी त्याला छळलं.

आज खानाच्या जागी इराणवरचे निर्बंध आहेत. क्रेन विकत घेता येते. पण इराणमार्गे जाणाऱ्या मालाचा विमा उतरवायला कंपनी आणि पैसे वळते करायला बँक सहजासहजी मिळत नाही. म्हणून ‘रूळ जोडा, माल आपोआप वाहील’ हे मला पटत नाही. अर्थात २०२१ मध्ये एकच जहाज अडकून सुएझ सहा दिवस बंद पडला, तेव्हा दुसरी वाट हाताशी असण्याची किंमत सगळ्यांना कळली. पण ती किंमत मोजायची कुणी? नाशिकचा निर्यातदार दर विचारतो, दिवस विचारतो, आणि रिकामा कंटेनर परत आणण्याचं भाडं कुणाच्या माथी, हेही विचारतो. सरकारांच्या जाहीरनाम्यांत या शेवटच्या प्रश्नाला क्वचितच जागा असते.