‘शिकला नाही’ असं लिहिण्याआधी

उंदराची भीती मी टक्क्यांत मोजते. हे वाक्य स्वतःशी उच्चारलं की मन टोचतं, आणि ते टोचत राहावं असंच मला वाटतं.

रीत ठरलेली आहे. पेटीच्या तळाला स्टीलच्या सळ्या. उंदीर हुंगत फिरत असतो, एक सूर वाजतो आणि तो थांबता थांबता पायांना विजेचा छोटा झटका बसतो. दुसऱ्या दिवशी त्याला त्याच पेटीत सोडायचं, झटका न देता. घडलेलं आठवत असेल तर तो थिजतो. मिशासुद्धा हलत नाहीत. श्वासाबरोबर बरगड्या तेवढ्या वरखाली होतात. ते सेकंद मोजायचे, टक्केवारी काढायची. आकडा मोठा आला की ‘छान शिकला’ असं सहज तोंडून जातं. छान कोणासाठी, हे मला मुद्दाम थांबून विचारावं लागतं.

आणि आकडा लहान आला तर? डीबीए/२ या वाणाचा उंदीर त्या पेटीत परत गेल्यावर फारसा थिजत नाही; सी५७ ब्लॅक ६ हा काळा वाण मात्र चांगला थिजतो. दोन्ही वाण अमेरिकेत क्लॅरेन्स कुक लिटल यांनी घडवले, डीबीए १९०९ पासून, काळे १९२१ पासून. सख्ख्या भावंडांचा संकर पिढ्यान्‌पिढ्या करत गेल्याने एका वाणातले उंदीर जनुकांनी जवळपास एकसारखे असतात, म्हणून फरकाचं खापर जनुकांवर फोडणं सोपं जातं. ‘डीबीए मंद’ म्हणून मोकळं होता येतं. पण त्याच डीबीएला वेगळ्या पेटीत नेऊन नुसता सूर ऐकवा. तो थिजतो. सुराचा अर्थ त्याला नीट कळलेला असतो, जागेची आठवण तेवढी कच्ची राहिलेली असते.

या दोन आठवणी मेंदूत एकाच वाटेने जात नाहीत. सूर आणि झटका यांची गाठ अमिग्डालात बसते. भिंती, वास, उजेड या सगळ्यांची मिळून एक जागा ओळखायला हिप्पोकॅम्पसही लागतो. किम आणि फॅन्सेलो यांनी १९९२ मध्ये रॅटवर दाखवलं, की शिकल्यानंतर दुसऱ्याच दिवशी हिप्पोकॅम्पसला इजा केली तर जागेची भीती जाते, सुराची राहते. मग डीबीएबद्दल मी कोणत्या तोंडाने एकच शब्द वापरू?

सी३एच वाणाचे उंदीर तर एका जनुकातल्या दोषामुळे लहानपणीच आंधळे होतात. खुणा बघून पाण्यातलं मचाण शोधायच्या चाचणीत ते मागे पडले, तर त्यांच्या स्मरणशक्तीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. १९९९ मध्ये पोर्टलँड, ऑल्बनी आणि एडमंटन इथल्या तीन प्रयोगशाळांनी तेच वाण, तीच उपकरणं आणि तेच वेळापत्रक ठेवून चाचण्या घेतल्या, तरी काही निकाल जुळले नाहीत. माणसांच्या मुलांबद्दल यातून मी काही निष्कर्ष काढणार नाही, तो माझा अधिकार नाही. उंदरांबद्दल लिहिण्याचा अधिकार मात्र मी घेतला आहे, आणि त्याची जबाबदारी माझी आहे.

हे काम व्यर्थ आहे असं मला वाटत नाही. आघातानंतर वर्षानुवर्षं न सुटणारी भीती समजून घ्यायला याच पेट्यांनी मदत केली आहे. पण त्या उपयोगाच्या आड मला लपता येत नाही. झटका खाणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही. निदान त्याला दिलेल्या वेदनेतून चुकीचा निवाडा निघू नये, एवढं मी त्याचं देणं लागते.

म्हणून प्रत्येक कच्च्या आकड्यापुढे मला विचारायचं आहे: याला दिसतं का? ऐकू येतं का? झटका जाणवतो का? आणि याला पेटीपर्यंत आणलं कसं? शेपटीला धरून उचललेले उंदीर नळीतून किंवा ओंजळीतून उचललेल्यांपेक्षा जास्त धास्तावलेले असतात, हे हर्स्ट आणि वेस्ट यांनी २०१० मध्ये दाखवलं आहे. पेटी उघडण्याआधीच भीती मी माझ्या हातांनी घालत असेन, तर मग मोजते आहे ते काय? नळी प्रत्येक पिंजऱ्यात ठेवता येते. घाई होती, हे कारण मला चालणार नाही.