तोरण कोणाच्या हातचे?

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस हे आपल्याकडे नीतिशास्त्राचे दिवस असतात, असे मला पुष्कळदा वाटते. एरवी ज्यांना आत्मा आणि ब्रह्म यांच्याशी काही कर्तव्य नसते, त्यांच्याही घरांत या दिवसांत मोठे नैतिक प्रश्न उभे राहतात. चकल्या घरी कराव्यात की विकत आणाव्यात? कंदील कामट्यांचा घरी बांधावा की दुकानातला आणून टांगावा? वरवर पाहता हे सोयीचे प्रश्न. पण त्यांवर बोलताना माणसांचा आवाज चढतो, तेव्हा ते नुसते सोयीचे नसावेत. घरी करणाऱ्याला आपल्या हातून काही पुण्य घडते आहे असे वाटत असते, आणि विकत आणणारा कुणी न विचारताच आपली कारणे सांगू लागतो. हे पुण्य खरे किती, ते मला आज तपासून पाहायचे आहे. उदाहरण घेते ते फेल्टच्या तोरणाचे. कारण गेली काही वर्षे मला त्याचाच नाद लागला आहे.

फेल्ट हे कापड खरे, पण ते विणलेले नसते. त्याला ताणा नाही, बाणा नाही, माग नाही. लोकर पिंजून तिचे थर एकमेकांवर आडवे-उभे पसरायचे, त्यांवर साबणाचे गरम पाणी शिंपडायचे आणि दाबून, चोळून, लाटून ते एकजीव करायचे. लोकरीच्या केसावर डोळ्यांना न दिसणारे बारीक खवले असतात. ते एकमेकांत अडकतात आणि मग काही केल्या सुटत नाहीत. लोकरीचा स्वेटर कढत पाण्यात धुतला म्हणजे बाळाच्या मापाचा होऊन बाहेर येतो, ते यामुळेच. काश्मीरचा आणि राजस्थानातल्या टोंकचा नमदा असाच होतो. आपल्याकडचे जुने बुरणूसही याच जातीचे. विणलेले नसल्यामुळे फेल्ट कापले तरी कडेचे दोरे सुटत नाहीत, म्हणून नवशिक्याला ते फार सोयीचे. हिरव्या फेल्टची आंब्याची पाने कापावीत, केशरी पट्ट्यांना कातरे देऊन त्या गुंडाळाव्यात म्हणजे झेंडू होतो. पानांच्या कडेने काजाचा टाका घालावा, आत थोडा कापूस भरावा, आणि सगळे दोऱ्यात ओवून दारावर बांधावे. चार-पाच दुपारी खर्चिल्या म्हणजे एका दारापुरते तोरण होते.

असे एक तोरण मी दारावर बांधले, तेव्हा आल्यागेल्यांनी पुष्कळ कौतुक केले. आमच्या जाऊबाईंनी त्यांच्या दाराला नेपाळातून आलेली फेल्टच्या रंगीत गोळ्यांची माळ लावली होती. पाहुण्यांपैकी कुणीतरी त्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, “हिचे मात्र घरी केलेले आहे हो!” जाऊबाई फराळाच्या ताटल्या मांडीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “माझेही कुणीतरी हातानेच केले आहे. फरक एवढाच, की मी त्या हाताला पैसे दिले आणि हिने ते वाचवले.”

हसण्यावारी नेण्यासारखे हे वाक्य नव्हते. काठमांडूच्या परिसरात बायका अशा गोळ्या करण्याचे काम करतात. न्यूझीलंडहून आलेली रंगवलेली लोकर चिमटीने घ्यायची, साबणाच्या गरम पाण्यात बुडवायची आणि दोन तळव्यांमध्ये, लाडू वळावा तशी वळत राहायचे. लाडू काही क्षणांत वळून होतो. ही गोळी घट्ट व्हायला कितीतरी मिनिटे लागतात. मग त्या माळा युरोप-अमेरिकेत नाताळसाठी आणि मुलांच्या खोल्यांसाठी जातात. त्या बाईच्या तळव्यांना जो साबण लागतो, तो माझ्या तळव्यांना लागलेला नाही. मी दुकानातून फेल्टचे तयार ताव आणले होते. असे ताव आता बहुधा लोकरीचे नसतातच. पॉलिएस्टरचे तंतू यंत्रातल्या असंख्य सुयांनी टोचून टोचून ते बनवतात. हात मोजायचे म्हटले, तर जाऊबाईंच्या माळेत माझ्या तोरणापेक्षा हाताचे काम अधिक होते. ‘हातचे’ म्हणून जर एखाद्या वस्तूला मान द्यायचा असेल, तर तो त्या माळेला आधी द्यायला हवा.

मग घरी करण्याला काही अर्थच नाही का? येथे मला सायबेरियातल्या एका हंसाची आठवण होते. अल्ताय पर्वतातल्या पाझिरिक येथे सर्गेई रुदेन्को या पुरातत्त्वज्ञाने 1947 ते 1949 या वर्षांत जुने दफनढिगारे उकरले. आत पाणी शिरून त्याचा बर्फ झालेला होता, त्यामुळे एरवी कुजून जाणाऱ्या वस्तू तेथे टिकल्या होत्या. पाचव्या ढिगाऱ्यात फेल्टचे हंस मिळाले: आत भरण घालून फुगवलेले, पांढऱ्या अंगाचे. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे हे काम आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. ते काहीतरी सजवण्यासाठीच केलेले असावे; पोट भरण्याशी किंवा थंडी निवारण्याशी त्याचा संबंध दिसत नाही. पण ते कुणी केले? मेलेल्याच्या बहिणीने की मोबदल्यावर राबणाऱ्या कारागिराने? हंसाकडे कितीही निरखून पाहिले तरी ते कळत नाही. टाका प्रेमाने घातला की पोटासाठी, हे टाका सांगत नाही.

आणि टाका दुःखही सांगत नाही. युरोपात फेल्टच्या टोप्या करताना सशाच्या केसांना पाऱ्याचे द्रावण लावीत. त्याच्या वाफेने कारागिरांचे हात कापू लागत, स्वभाव बिघडे, बोलणे अडखळे. अमेरिकेत ही रीत बंद व्हायला 1941 साल उजाडावे लागले. टोपी मात्र सुबकच दिसे. ती डोक्यावर घालणाऱ्या सद्गृहस्थाला कापणाऱ्या हाताची वार्ताही नसे. वस्तूचे नैतिक मोल वस्तूत शोधू गेले तर ते सापडत नाही, असा माझा यावरून निष्कर्ष आहे. ते करणारा आणि घेणारा यांच्यामध्ये जे घडते, त्यात असते.

हा पेच आपल्या देशाला नवा नाही. गांधीजी स्वतः रोज सूत कातीत, आणि त्यांनीच 1925 मध्ये स्थापन केलेला चरखा संघ कातणाऱ्यांना मजुरी देऊन खादी विकीत असे. स्वतः कातणाऱ्याने खादी विकत घेऊ नये, असे काही त्यांनी म्हटले नाही. उलट 1935 साली त्यांनी आग्रह धरला, की खादी महाग झाली तरी चालेल, पण कातणाऱ्या बाईला पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे. म्हणजे एकाच माणसावर दोन्ही धर्म आले: आपला हात चालवण्याचा, आणि दुसऱ्याच्या हाताचे मोल न बुडवण्याचा. पहिला पाळला म्हणून दुसऱ्यातून सुटका नाही.

मी माझ्या तोरणाला हाच न्याय लावते. घरी केल्याने मी बाजारापेक्षा श्रेष्ठ ठरत नाही, आणि पैसे वाचवणे हे पुण्यही नव्हे. पण त्या चार-पाच दुपारी मी जे केले ते विकत मिळण्यासारखे नव्हते. शेजारी माझी पुतणी बसली होती. तिने कापलेले पान एका बाजूला फुगीर आणि दुसऱ्या बाजूला चपटे झाले. आंब्यापेक्षा ते पिंपळाकडे अधिक झुकले होते. ते आम्ही मधोमध लावले. आता दारातून आत येताना ती रोज मान वर करून त्याच्याकडे पाहते. माझा वेळ मी कुणाला दिला, हे मला ठाऊक आहे आणि ज्याला दिला त्यालाही ठाऊक आहे. घरी करण्यातले खरे धन हे एवढेच, पण ते थोडे नव्हे. काठमांडूच्या बाईला तिची माळ कोणाच्या दारावर जाणार हे ठाऊक नसते. तिला ती ओळख मी देऊ शकत नाही. तिचा मोबदला मात्र तिच्यापर्यंत पोचावा, हे मी पाहू शकते. निदान तिच्या कामाच्या किमतीत घासाघीस करून ती स्वस्तात मिळाल्याची फुशारकी तरी मारणार नाही.

मात्र घरच्या हातांबद्दल एक शब्द बोलल्यावाचून राहवत नाही. “आमच्याकडे सगळे घरचेच असते,” असे अभिमानाने सांगणाऱ्याला विचारावे, की त्या सगळ्यात तुमचा हात किती? चकली तिची, कंदील तिचा, तोरणही तिचेच, आणि अभिमान तेवढा कुटुंबाचा, हा हिशेब काही बरा नाही. काठमांडूच्या बाईला निदान मजुरी मिळते. घरातल्या बाईने हौसेने केले तर ते देणे आहे; ‘दरवर्षी करतेस, यंदा का नाही?’ म्हणून केले तर ती वेठ झाली, मग फेल्ट कितीही मऊ असो. सुई फार जड नसते. पुरुषांच्या बोटांतही ती बसते, आणि काजाचा टाका अर्ध्या तासात शिकता येतो.

तेव्हा यंदा ज्यांना हौस आहे त्यांनी अवश्य घरी करावे, शेजारी कुणालातरी बसवून करावे. ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल विकत आणावे, आणि त्याची कारणे कुणाला देऊ नयेत. मी दोन्ही करणार आहे: पुढच्या दाराला पुतणीचे पान, आणि मागच्या दारासाठी जाऊबाईंकडून त्या माळेच्या दुकानाचा पत्ता मागून घेतला आहे.