सुरी: मुठीकडून आणि पात्याकडून

बकरी ईदच्या आधीची गोष्ट. सुरीला धार लावून आम्ही कल्याणहून आसनगावला परतत होतो. सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून कापडी पिशवीत ठेवलेली. कसारा लोकलमध्ये समोरच एक म्हातारबाबा बसले होते, कमरेच्या आकडीला कोयता अडकवलेला. शहापूर-मुरबाडकडे हे रोजचेच. त्या कोयत्याकडे कुणी पाहिले नाही. आमच्या पिशवीकडेही कुणी पाहिले नव्हते. तरी आम्ही ती बाकाखाली सरकवली. पोलाद तेच, धारही तीच. मग लपवावेसे आम्हालाच का वाटले?

अतिवास्तववादी कलावंतांनी याच भीतीशी खेळ मांडला. ओळखीची वस्तू तिच्या जागेवरून उचलायची आणि भलत्या ठिकाणी ठेवायची. कांदा चिरणारी सुरी उशीवर दिसली की झोप उडते. 1929 साली लुई बुन्युएल आणि साल्वादोर दाली यांनी ‘एक अँदालुशियन कुत्रा’ हा मूकपट केला. त्यात सुरुवातीलाच एक माणूस वस्तऱ्याला धार लावतो आणि बाईचा डोळा चिरतो. आजही पाहणारा मान फिरवतो. चिरलेला डोळा खरे तर मेलेल्या वासराचा होता. शहारा आला तो बाईसाठी. वासरू कुणाला दिसलेच नाही.

ते आमच्या मुंबईच्या तय्यब मेहतांना दिसले. मेहता अतिवास्तववादी नव्हेत. पण 1947 च्या दंगलीत महंमद अली रोडवर जमावाने एका तरुणाला ठार मारताना त्यांनी घरातून पाहिले, आणि ते दृश्य त्यांना जन्मभर सुटले नाही. 1956 मध्ये त्यांनी पाय बांधून पाडलेला बैल रंगवला. 1970 च्या ‘कूडल’ या लघुपटासाठी ते वांद्र्याच्या कत्तलखान्यात कॅमेरा घेऊन गेले. त्या बैलाच्या चित्रात सुरी नाही. मग ती कुठे आहे? चित्राच्या अलीकडे, आपण उभे आहोत तिथे!

म्हणून सुरीच्या कोणत्याही चित्राला एकच प्रश्न विचारावा असे आम्हाला वाटते: रंगवणारा मुठीकडे उभा आहे की पात्याकडे? मुठीकडून काढलेले चित्र दरारा दाखवते, पात्याकडून काढलेले वेदना. आमच्या जमातीच्या हाती सुरी देऊन जी चित्रे वर्षानुवर्षे रंगवली गेली, त्यांनाही हाच प्रश्न आहे.

पण तो आधी आम्ही स्वतःला विचारायला हवा. कुरआनात हजरत इब्राहीम (अलैहिस्सलाम) यांच्या कुरबानीचा प्रसंग आहे. त्यात सुरीचा उल्लेखच नाही. बापाची तयारी आहे, मुलाचा होकार आहे आणि अल्लाहने मुलाला सोडवणे आहे. मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोहोचत नाही, पोहोचतो तो तकवा, हेही तिथेच सांगितले आहे. सुरीला धार लावा, जनावराचे हाल करू नका, असे हदीस सांगते. जनावरासमोर सुरी पाजळू नये, असेही. म्हणजे मूठ हाती असतानाही पात्याकडून पाहावे, हीच शिकवण झाली. ईदच्या गर्दीत, घाईत, ती आम्ही किती पाळतो?

आसनगाव आले. म्हातारबाबांनी वाकून आमची पिशवी बाकाखालून काढून दिली. “जड हाय,” एवढेच म्हणाले. पिशवी जड नव्हती. ती आमच्या मनाला जड झाली होती.