बुडालेला तास भरून निघतो का?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात शाळेचे वर्ष किमान १८० दिवस भरावे लागते. वेळापत्रक मात्र १८५ दिवसांचे आखतात, कारण हिमवादळांत काही दिवस जाणार हे धरलेलेच असते. माध्यमिक वर्गांना वर्षाला ९९० तास अध्यापनाचीही अट आहे. २०१४-१५च्या हिवाळ्यात बॉस्टनमध्ये ११०.६ इंच, म्हणजे सुमारे २८१ सेंटिमीटर बर्फ पडले. तेव्हा बुडालेले दिवस जूनपर्यंत भरून काढावे लागले.

दिवस असे परत मिळतात. इंग्रजीच्या तासाला चाललेले वाचन तसे परत मिळते का, हा प्रश्न काळाच्या स्वरूपाचा आहे.

आर्थर मिलर यांचे ‘द क्रूसिबल’ हे १९५३चे नाटक अमेरिकी हायस्कुलांत पुष्कळ ठिकाणी शिकवतात. याच राज्यातल्या सेलम गावात १६९२ मध्ये चेटकिणी ठरवून माणसांवर चाललेले खटले हा त्याचा विषय. समजा, वर्गातले वाचन दुसऱ्या अंकाच्या शेवटी, नायकाची पत्नी एलिझाबेथ प्रॉक्टर हिला पकडून नेतात तिथवर आले आणि त्याच रात्री हिमवादळाने शाळा बंद पडली. चार दिवसांनी मुले वर्गात येतात तेव्हा कथानक त्यांना आठवते. गावात वाढत गेलेल्या संशयाचा ताण मात्र ओसरलेला असतो.

संत ऑगस्टीन यांनी ‘कन्फेशन्स’च्या अकराव्या भागात स्तोत्रपठणाचे उदाहरण घेतले आहे. म्हटलेले स्मरणात जाते, म्हणायचे उरलेले अपेक्षेत असते आणि लक्ष या दोहोंना जोडून ठेवते. काळ मनातच मोजला जातो, असे ते मानतात. नाटकाचे वाचनही नेमके असेच चालते. काळ घाईने उरकता येत नाही, हे फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ यांनी १९०७ मध्ये साखरेवरून सांगितले: पाण्यात साखर विरघळेपर्यंत थांबावेच लागते. तिसऱ्या अंकाचा सारांश आणि वीस प्रश्नांचा कागद एका तासात उरकला, तर पाठ्यक्रम पुढे सरकतो. साखर तळाशीच राहते.

वादळात तास बुडणे हा मुलांचा दोष नसतो. असे दोष नसताना चुकलेल्या कर्तव्याचा विचार धर्मशास्त्रांनी फार समजुतीने केला आहे. बायबलच्या ‘गणना’ ग्रंथाच्या नवव्या अध्यायात, अशौचामुळे किंवा दूरच्या प्रवासामुळे ज्यांचा वल्हांडण सण चुकला त्यांना महिन्याभराने तो पाळण्याची मुभा आहे. झोपेमुळे किंवा विसरून राहिलेली नमाज आठवताच अदा करावी, असे इस्लाम सांगतो. तिला कझा म्हणतात. दोन्हीकडे कर्तव्य माफ होत नाही आणि चुकलेल्याला दोषीही धरले जात नाही. विधी मात्र उरकायचा नसतो, तो नीट करायचा असतो.

शाळांनी हेच करावे. चार दिवसांचे प्रश्न एका रात्रीच्या गृहपाठात कोंबणे ही अकारण शिक्षा आहे. वर्षाच्या यादीतले एखादे पुस्तक गाळावे आणि तिसरा अंक वर्गात मोठ्याने, पूर्ण वाचावा.